साक्षरता आणि आरोग्य : पानाबाहेरचे परिणाम

लेखनकलेचा उगम मेसोपोटेमियात सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वी झाला आणि त्यानंतरचा बहुतेक काळ ती लेखनिक, पुरोहित, व्यापारी व राजदरबारातील मोजक्या मंडळींपुरतीच राहिली. उत्क्रांतीच्या हिशेबात हा कालावधी नगण्य आहे. बोलण्यासाठी मेंदूची जशी उपजत तयारी असते तशी वाचण्यासाठी असणे त्यामुळे शक्यच नव्हते. माणसांत वाढणारे मूल शिकवल्यावाचून बोलू लागते, पण पुस्तकांनी भरलेल्या घरात वाढणारे मूल केवळ तेवढ्यामुळे वाचू लागत नाही. वाचन शिकणे म्हणजे पाहणे, ऐकणे, बोलणे आणि हात चालवणे या वेगळ्या कामांसाठी घडलेल्या यंत्रणांना एका नव्या कामासाठी एकत्र आणणे होय, आणि हे काम पुरेसे मुरले की त्या जुन्या यंत्रणाही पूर्वीसारख्या राहत नाहीत. साक्षरतेचा आरोग्याशी व विकासाशी असलेला संबंध याच बदलात शोधावा लागतो, कारण तिचे बरेचसे लाभ हातात पुस्तक नसतानाच पदरात पडतात.

मेंदूत वाचनाचे काम नेमके कोठे चालते याचा पहिला भक्कम पुरावा फ्रेंच मज्जातज्ज्ञ झ्यूल देजेरिन यांनी १८९२ साली मांडला. पॅरिसमधील एका सुशिक्षित गृहस्थाला १८८७ मध्ये अचानक अक्षरे वाचता येईनाशी झाली होती. त्याची दृष्टी चांगली होती, तो नीट बोलत होता, माणसे आणि वस्तू ओळखत होता, आकडे वाचत होता, एवढेच नव्हे तर हाताने व्यवस्थित लिहीतही होता. फक्त स्वतः लिहिलेला मजकूर त्याला वाचता येत नव्हता. अक्षराच्या आकारावरून हवेत बोट फिरवले की मात्र ते त्याला ओळखू येई. त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या विच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागील भागात इजा आढळली. पुढे मेंदू काम करत असतानाच त्याचे चित्र घेणारी तंत्रे उपलब्ध झाली, तेव्हा याच परिसरात, डाव्या बाजूला पश्चकपाल आणि शंखखंड यांच्या सीमेवर, अक्षरसमूह ओळखणारा एक छोटा पट्टा असल्याचे दिसले आणि तो देवनागरी, चिनी, अरबी किंवा रोमन अशा कोणत्याही लिपीच्या वाचकात जवळपास त्याच जागी सापडतो असे लक्षात आले. निरक्षर माणसाच्या मेंदूत हा भाग रिकामा नसतो. चेहरे, वस्तू आणि आकार ओळखण्यात तो गुंतलेला असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देआन यांनी या घडामोडीला चेतापेशींचा पुनर्वापर म्हटले आहे, म्हणजे निसर्गाने एका कामासाठी घडवलेला पेशीसमूह संस्कृतीने दुसऱ्या, पण मिळत्याजुळत्या कामाला लावणे. त्यांच्या गटाने ब्राझील आणि पोर्तुगालमधील ६३ प्रौढांची तपासणी करून २०१० मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत निरक्षर, प्रौढपणी साक्षर झालेले आणि लहानपणी शाळेत गेलेले अशा तिन्ही प्रकारच्या व्यक्ती होत्या. वाचता येणाऱ्यांमध्ये दृष्टीशी संबंधित भागांचा प्रतिसाद वाढलेला होताच, पण बोललेली वाक्ये ऐकताना काम करणाऱ्या भागांचा प्रतिसादही बदललेला होता. वाचन डोळ्यांचे काम मानले जाते, पण त्याचा ठसा कानांवरही उमटतो, ही गोष्ट पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडणार आहे.

साक्षरतेचा परिणाम तपासण्यात एक मोठी अडचण असते. निरक्षर आणि साक्षर यांच्यात केवळ अक्षरओळखीचा फरक नसतो. गरिबी, कुपोषण, गाव, जात आणि आईवडिलांची परिस्थिती असे अनेक फरक त्याच्यासोबत येतात, आणि त्यांतील कोणत्या फरकाचा कोणता परिणाम हे वेगळे काढणे कठीण जाते. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील जुन्या रीतीने संशोधकांना या अडचणीतून वाट दिली. तेथील गरीब कुटुंबांत थोरल्या मुलीला घरकामासाठी आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी ठेवत आणि धाकट्या मुलींना शाळेत घालत, त्यामुळे एकाच घरातल्या, एकाच अन्नावर वाढलेल्या दोन बहिणींपैकी एक साक्षर आणि दुसरी निरक्षर अशी जोडी मिळत असे. (थोरलीने शिकणे सोडायचे आणि धाकटीने तिच्या जिवावर शिकायचे, ही व्यवस्था मराठी घरांनाही अपरिचित नाही.) अशा स्त्रियांना ऐकलेले शब्द पुन्हा उच्चारायला सांगितले, तेव्हा ओळखीच्या शब्दांच्या बाबतीत दोघींत फारसा फरक पडला नाही, अर्थ नसलेले, बनावट शब्द मात्र निरक्षर बहिणींना जमेनात आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतील हालचालही वेगळी दिसली. कोलंबियात सशस्त्र बंडखोर गटांतून बाहेर पडून विशीनंतर वाचायला शिकलेल्या प्रौढांची तुलना तशाच पार्श्वभूमीच्या निरक्षरांशी करून २००९ साली जे निष्कर्ष मांडले गेले, त्यांत मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या तंतूंच्या मागील भागात आणि भाषेशी संबंधित काही भागांत प्रत्यक्ष रचनेतच फरक आढळला.

मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे काम लखनौजवळच्या खेड्यांत झाले. जर्मनी व नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्था आणि लखनौ व हैदराबाद येथील भारतीय संशोधक यांनी मिळून तिशीच्या आसपासच्या निरक्षर ग्रामस्थांना, ज्यांत बहुतांश स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरीतून हिंदी वाचायला व लिहायला शिकवले आणि शिकण्याआधी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. बदल मेंदूच्या बाहेरील पृष्ठभागात होतील अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ते खोलवरच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या भागांपर्यंत पोहोचलेले दिसले : डोळ्यांकडून येणारी माहिती गाळून पुढे पाठवणारा थॅलॅमसचा एक भाग आणि नजर वळवण्याचे काम पाहणारा मस्तिष्कस्तंभाचा एक भाग यांची दृष्टिकेंद्राशी असलेली लय अधिक जुळली होती. अक्षरओळख वाढली म्हणून चेहरे ओळखण्याची शक्ती घटते का, अशीही एक शंका होती. उत्तर भारतातीलच नव्वदहून अधिक प्रौढांवर केलेल्या नंतरच्या एका अभ्यासात तसा तोटा आढळला नाही. साक्षरतेच्या वर्गात बसायला वय उलटून गेले, हा समज या निष्कर्षांपुढे टिकत नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत साठीच्या पुढच्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून पाटीवर धुळाक्षरे गिरवू लागल्या, तेव्हा त्याची बातमी कौतुकाच्या सुरात झाली; मेंदूविज्ञानाच्या अंगाने पाहिले तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

कानावरच्या परिणामाचा तपशील आणखी सूक्ष्म आहे. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दापासून वेगळा करणारा उच्चारातील लहानात लहान ध्वनी म्हणजे स्वनिम. ‘काल’ आणि ‘गाल’ यांच्यात एवढ्या एकाच स्वनिमाचा फरक आहे. हा फरक निरक्षर माणसाला ऐकू येत नाही असे मुळीच नाही, कारण तसे असते तर त्याला भाषाच समजली नसती. मात्र शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी काढून उरलेला भाग उच्चारायला सांगितला की तो अडखळतो. पोर्तुगालच्या ग्रामीण भागात १९७९ साली झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात निरक्षर प्रौढांना हे जवळजवळ जमले नाही आणि त्याच वस्तीतील प्रौढपणी साक्षर झालेल्यांना बऱ्याच प्रमाणात जमले. वाणीचे असे तुकडे पाडून तिच्याकडे वस्तू म्हणून पाहण्याची सवय वाचनाने लागते. ही सवय आरोग्याशी दूरची वाटली, तरी औषधाचे अपरिचित नाव एकदा ऐकून जसेच्या तसे लक्षात ठेवणे, किंवा कानावर एकसारखी पडणारी दोन नावे एकमेकांपासून वेगळी ठेवणे, ही कामे बनावट शब्द पुन्हा उच्चारण्याच्या जातीचीच आहेत.

येथे अतिशयोक्तीचा मोह आवरावा लागतो. साक्षर झाले की माणसाची विचारशक्तीच पालटते, तो तर्कशुद्ध आणि अमूर्त विचार करू लागतो, असा दावा विसाव्या शतकात अनेक विद्वानांनी केला. त्यांच्यापुढे उदाहरणे मात्र शाळेत शिकलेल्यांची होती आणि शाळेचा परिणाम कोणता व अक्षरांचा कोणता हे त्यांनी निराळे केले नव्हते. सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी ही गुंतागुंत सोडवण्यासाठी लायबेरियातील वाई समाजाची निवड केली. वाई लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःची लिपी तयार केली होती, तिच्यात देवनागरीतल्या अक्षरांप्रमाणे एका चिन्हाला एक पूर्ण उच्चार असे, आणि ती शाळेत न शिकवता घरी, मित्राकडून मित्राला, मुख्यतः पत्रव्यवहारासाठी शिकवली जाई. म्हणजे येथे शाळेशिवायची साक्षरता मिळाली. १९८१ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तर्काच्या सर्वसाधारण चाचण्यांत वाई लिपी जाणणाऱ्यांची निरक्षरांवर सरशी झाली नाही. त्यांची सरशी झाली ती नेमक्या कामांत, आणि त्यांतले एक विशेष बोलके आहे : एखादा सोंगट्यांचा खेळ तो कधीच न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगणे. पत्र लिहिणाऱ्याला नेहमी अशा माणसाशी बोलावे लागते जो समोर नाही, ज्याला प्रसंग माहीत नाही, ज्याच्या चेहऱ्यावरून समजले की नाही ते कळत नाही. म्हणून काय आधी सांगायचे, काय गृहीत धरायचे नाही, याचा सराव त्याला होतो आणि तो पुढे बोलण्यातही उतरतो.

हा सराव जीव वाचवू शकतो, आणि सर्वांत जास्त बालकांचे. ऑस्ट्रेलियन लोकसंख्यातज्ज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातील माहितीच्या आधारे दाखवून दिले की, मुले जगण्या-दगावण्यावर वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न किंवा राहण्याचे ठिकाण यांहून आईच्या शिक्षणाचा प्रभाव अधिक ठळक दिसतो, आणि हा प्रभाव केवळ सांपत्तिक स्थितीने उलगडत नाही. त्यानंतर देशोदेशी हेच चित्र पुन्हा पुन्हा आढळले. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १७५ देशांच्या विश्लेषणात १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालील बालकांचे जे ८२ लाख मृत्यू टळले, त्यांपैकी सुमारे ४२ लाख, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक, प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या वाढत्या शिक्षणाशी जोडता येतात असा अंदाज मांडला गेला. हे अंदाज संख्याशास्त्रीय प्रतिमानांवर आधारलेले असतात आणि त्यांतील दशांशांवर फार जोर देऊ नये. दिशा मात्र निःसंदिग्ध आहे. एखादे औषध किंवा लस एवढ्या प्रमाणावर उपकारक ठरली असती, तर तिच्यासाठी वेगळी मोहीम निघाली असती.

आईच्या शिक्षणाने नेमके काय साधते, हा प्रश्न या आकड्यांपेक्षा अधिक रंजक आहे. शाळेत गेलेली स्त्री बहुधा उशिरा लग्न करते, तिची मुले संख्येने कमी आणि अंतराने होतात, तिच्या शब्दाला घरात वजन येते, आणि मूल आजारी पडल्यावर सासूच्या परवानगीची वाट न पाहता ती दवाखाना गाठते. कॉल्डवेल यांचा भर या शेवटच्या गोष्टींवर, म्हणजे कुटुंबातील सत्तेच्या बदललेल्या तोलावर होता. पण त्यात प्रत्यक्ष अक्षरांचा वाटा किती? निकाराग्वात १९८० साली राष्ट्रीय साक्षरता मोहीम झाली, जिच्यात हजारो तरुण स्वयंसेवक पाच महिने खेड्यापाड्यांत राहून प्रौढांना शिकवत होते. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आणि अशा प्रौढशिक्षणातून साक्षर झालेल्या स्त्रियांची मुले निरक्षर राहिलेल्या स्त्रियांच्या मुलांपेक्षा अधिक प्रमाणात जगली व कुपोषणापासून वाचली, असे पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे शाळेचे वातावरण वगळले तरी काही लाभ उरतो. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, नेपाळ, झांबिया आणि व्हेनेझुएला येथील मातांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून २०१२ च्या ग्रंथात या लाभाची यंत्रणा उकलून दाखवली. ज्या स्त्रियांची वाचनक्षमता टिकून होती त्यांना रेडिओवरील आरोग्यविषयक सूचना नीट समजत, आणि मुलाच्या आजाराची हकिगत त्या वैद्यकीय कर्मचाऱ्यासमोर क्रमाने सांगू शकत : ताप कधी आला, जुलाब किती वेळा झाले, काय दिले, त्यानंतर काय झाले. दोन्ही कामांत वाचायचे काहीच नव्हते. वाचनाने घडवलेला कान आणि लेखनाने घडवलेली सांगण्याची शिस्त येथे कामी येत होती. दवाखान्याच्या रांगेत डॉक्टरच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात, आणि त्या वेळात मुद्द्याचे सांगणारी आई आपल्या मुलासाठी अर्धे निदान सोबत घेऊनच आलेली असते.

महाराष्ट्रात शिक्षण आणि आरोग्य यांची सांगड जुनी आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सेवासदनाने विधवा व प्रौढ स्त्रियांना लिहायला-वाचायला शिकवणे आणि त्यांना परिचारिकेचे प्रशिक्षण देणे ही दोन्ही कामे एकत्र चालवली. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावच्या गाव साक्षर करण्याचा प्रयत्न केला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन, तापमान आणि श्वासांची संख्या नोंदवून, त्या नोंदीवरून धोका ओळखून घरच्या घरी उपचार करण्याच्या या पद्धतीने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, असा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखी नोंद येथे उपचाराचाच एक भाग होती.

पण याच महाराष्ट्रातले दुसरे उदाहरण साक्षरतेच्या भाबड्या पुरस्कर्त्यांनी नजरेआड करू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड परिसरात जे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, त्यातील अनेक ग्रामआरोग्यसेविका निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या, आणि त्यांनी बाळंतपणे, लसीकरण, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग व क्षयाचे रुग्ण ओळखणे ही कामे उत्तम प्रकारे पार पाडली. ऐकून, गाऊन, एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगून त्या शिकल्या. ज्ञान कानाने चालत आलेल्या समाजात हे अशक्य नाही. मात्र त्यासाठी सातत्याने भेटणारा, आदराने शिकवणारा शिक्षक आणि आठवडा-आठवड्याची उजळणी लागते. आरोळे दांपत्याने ती पुरवली. जेथे ती पुरवायला कोणी नसते तेथे अक्षरे त्या अनुपस्थित शिक्षकाची जागा काही प्रमाणात भरून काढतात.

मुलांच्या वाढीच्या बाबतीत वाचनाचा सर्वांत स्पष्ट लाभ शब्दसंपत्तीत दिसतो. रोजच्या बोलण्यात तेच ते शब्द फिरत असतात, कारण समोरची वस्तू बोटाने दाखवता येते; छापील मजकुराला ती सोय नसल्यामुळे त्याला नेमके शब्द वापरावे लागतात. इंग्रजीतील शब्दवापराच्या एका पाहणीत, १९८८ साली, मुलांच्या पुस्तकांतील दर हजार शब्दांमागे दुर्मीळ शब्दांचे प्रमाण सुशिक्षित प्रौढांच्या संभाषणातील प्रमाणाच्या दीडपटीहून अधिक आढळले. मराठीत हा मुद्दा अधिकच तीव्र होतो, कारण अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या आणि त्याहून अधिक गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातील मुलाला छापील मराठी ही पुस्तकातूनच प्रथम भेटते, आणि पुढे परीक्षा, अर्ज, कोर्टकचेरी व दवाखाना यांची भाषा तीच असते. वाचनाचा वेग ज्याला लवकर साधतो तो अधिक वाचतो, अधिक वाचल्याने त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढल्याने वाचन सोपे होते. जो मागे पडतो त्याच्या बाबतीत हेच चक्र उलटे फिरते आणि अंतर वर्षागणिक रुंदावते. अमेरिकेत बॉस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात १९८९ पासून बालरोगतज्ज्ञ तपासणीच्या वेळी पालकांना मुलासाठी पुस्तक देऊ लागले आणि ते कसे वाचून दाखवायचे हेही सांगू लागले, ते याच कारणाने. येथे ‘वाचून दाखवणे’ म्हणजे एकतर्फी पठण नव्हे. चित्रावर बोट ठेवून विचारणे, मुलाच्या अर्धवट उत्तरात भर घालून ते त्याला परत देणे, असे ते संभाषण असते, आणि निरक्षर आजीलाही चित्रांच्या पुस्तकावरून ते करता येते.

हाताने लिहिण्याचा मेंदूवरील परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, रोमन अक्षरे मुलांनी स्वतःच्या हाताने, छापील रेषेवरून गिरवून आणि कळफलकावर दाबून, अशा तीन प्रकारे शिकल्यावर, वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते मुख्यतः स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. वेडेवाकडे का होईना, पण प्रत्येक वेळी निराळे उतरलेले अक्षर पाहून मूल त्या अक्षराचे सार ओळखायला शिकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. महाराष्ट्रातील बालवाड्यांत ठिपक्यांवरून गिरवण्यावर जो महिनोन्‌महिने भर दिला जातो, त्याचा या दृष्टीने फेरविचार व्हायला हरकत नाही.

लेखनाचा शरीराशी थेट संबंध जोडणारे संशोधनही झाले आहे. टेक्सासमधील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक अनुभवातील केवळ घटना किंवा केवळ भावना लिहिल्या, आणि काहींनी घटना व भावना दोन्ही एकत्र लिहिल्या. या शेवटच्या गटातील विद्यार्थी लिहून झाल्यावर अधिक उदास दिसले, त्यांचा रक्तदाबही वाढलेला होता. तरीही पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात त्यांना इतरांपेक्षा कमी वेळा जावे लागले. १९९९ साली दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. चार महिन्यांनंतर क्लेशदायक अनुभव लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत, तर किरकोळ विषयावर लिहिणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के रुग्णांत वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय सुधारणा दिसली, आणि ही तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना कोणी काय लिहिले हे ठाऊक नव्हते.

मनातले बाहेर पडले की हलके वाटते, हे त्याचे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. पण ते पुरेसे नाही, कारण लिहिणाऱ्यांना लगेच हलके वाटलेलेच नव्हते. मजकुराचे विश्लेषण केल्यावर असे दिसले की, ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात आले’ अशा जातीची शब्दयोजना वाढत गेली त्यांना अधिक फायदा झाला. पहिल्या दिवशीचा आक्रोश चौथ्या दिवशीही तसाच लिहिणाऱ्यांना तो तितकासा झाला नाही. म्हणजे औषधी गुण ओतून टाकण्यात नसून रचण्यात असावा. विस्कळीत आठवणीला आदि, मध्य आणि अंत देणे हे लेखनाचे नेहमीचेच काम आहे, आणि एकदा घटनेची हकिगत झाली की ती मनात सारखी घोळवत ठेवण्याची गरज कमी होते. रोज रामनाम लिहून वह्या भरण्याच्या रीतीने मन शांत होत असेल, पण ती निराळी गोष्ट आहे; येथे ज्याचा विचार चालू आहे ते लेखन जुळवाजुळव करावी लागणारे, काहीसे कष्टाचे असते. या विषयावरील १४६ अभ्यासांचा २००६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम खरा पण लहान निघाला. चार दिवसांत, कागद-पेनाच्या खर्चात मिळणारा लहान परिणाम टाकाऊ नाही, पण तो उपचारांना पर्याय नव्हे, आणि ताज्या किंवा तीव्र आघातानंतर एकट्याने बसून जखम उकरत राहणे काहींना बाधकही ठरू शकते.

उतारवयातील पुरावा मोहक आहे, म्हणूनच तो जपून वाचावा लागतो. अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) एका संघातील स्त्रियांनी दीक्षेच्या वेळी, सरासरी बाविसाव्या वर्षी, स्वहस्ते लिहिलेली छोटी आत्मवृत्ते संघाच्या दप्तरात जपून ठेवलेली होती. संशोधक डेव्हिड स्नोडन यांच्या गटाने त्यांतील कल्पनाघनता, म्हणजे ठरावीक शब्दांत किती स्वतंत्र विचार मावले आहेत ते मोजले आणि ९३ वृद्ध जोगिणींच्या स्थितीशी ताडून पाहिले. सुमारे ५८ वर्षांनंतर विरळ लेखन करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण बरेच जास्त आढळले. याचा अर्थ घनदाट वाक्ये लिहिल्याने आजार टळतो असा घ्यायचा, की आजाराची पहिली चाहूलच तरुणपणीच्या विरळ वाक्यांत उमटली होती असा, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. बौद्धिक गंगाजळीची कल्पना या संदर्भात मांडली जाते : आयुष्यभर वाचन, लेखन, नव्या गोष्टी शिकणे यांतून मेंदूतील पर्यायी जोडण्या वाढतात, आणि वार्धक्यात पेशींची हानी सुरू झाली तरी संकटकाळी गंगाजळीतून खर्च भागवावा तसे त्या जोडण्यांवर काही वर्षे काम चालते. मृत्यूनंतर मेंदूचे विच्छेदन केलेल्या २९४ व्यक्तींच्या २०१३ सालच्या अमेरिकन अभ्यासात, मेंदूतील हानी समान धरली तरी, वार्धक्यात वाचन-लेखनासारख्या कामांत नियमित गुंतलेल्यांची स्मृती व विचारशक्ती अधिक सावकाश घसरली होती. आणखी एका पाहणीत, पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ अमेरिकनांवर बारा वर्षे लक्ष ठेवले असता, पुस्तके वाचणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. शिक्षण, उत्पन्न आणि आधीचे आजार हिशेबात घेऊनही हा फरक उरला. तरीही पुस्तक हातात घेऊन निवांत बसण्याइतकी फुरसत, प्रकाश आणि दृष्टी ज्याला लाभते त्याला आयुष्यात इतरही बरेच काही लाभलेले असते, आणि ते सगळे आकड्यांत पकडता येत नाही.

काही दावे तर सरळ बाजूला ठेवावेत असे आहेत. सहा मिनिटे वाचल्याने ताण ६८ टक्क्यांनी कमी होतो, हे वाक्य वर्तमानपत्री पुरवण्यांत हमखास भेटते. ते ज्या प्रयोगावर आधारलेले आहे तो तज्ज्ञांकडून तपासून घेऊन कोणत्याही शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला नाही. दर्जेदार ललित साहित्याचा एखादा उतारा वाचताच दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती वाढते, हा २०१३ साली गाजलेला निष्कर्ष इतर प्रयोगशाळांत पुन्हा मिळवण्याचे प्रयत्न बहुतांशी फसले. आयुष्यभराच्या वाचनाने काही फरक पडत असेल, पण एका उताऱ्याने नाही. आणि वाचनाची किंमतही चुकवावी लागते : जवळचे काम आणि घरातील मंद उजेड यांत बालपण घालवणाऱ्या मुलांना दूरचे पाहण्यासाठी चष्मा लवकर लागतो, म्हणून रोज काही वेळ मोकळ्या उजेडात घालवण्याचा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात.

साक्षरता आरोग्याला किती उपयोगी पडेल, हे शेवटी वाचायला काय मिळते यावरही ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सात वर्षांवरील सुमारे ७६ टक्के स्त्रिया साक्षर होत्या, म्हणजे कोणत्या तरी एका भाषेत समजून वाचू व लिहू शकत होत्या, आणि बहुतेकींच्या बाबतीत ती भाषा मराठी होती. गरोदरपणी हाती येणारे माता व बाल संरक्षण कार्ड मराठीत असते. लशीची पुढची तारीख त्यावर वाचता येते, बाळाचे वजन रंगीत पट्ट्यांच्या आलेखावर कोठे पडले ते पाहता येते, आणि आशा किंवा अंगणवाडी सेविकेशी त्यावरून बोलता येते. गोळ्यांच्या पाकिटावरील नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख मात्र सामान्यतः इंग्रजीत असते. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असा नियम २०१६ मध्ये झाला, पण त्याने कळण्याचा प्रश्न सुटला तो औषधविक्रेत्याचा. मेडिकलमध्ये पाकीट कापून चार गोळ्या दिल्या की तारीख बहुधा दुकानातच राहते, आणि मराठी वर्तमानपत्र रोज वाचणारा साठीचा रुग्ण रक्तदाबाची गोळी कोणती आणि मधुमेहाची कोणती हे रंग व आकारावरून ओळखतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली की ती खूणही उपयोगाची राहत नाही. औषधाच्या प्रत्येक पाकिटावर घेण्याची वेळ आणि कारण मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवणे कोणत्याही दवाखान्याला किंवा औषधविक्रेत्याला आजही शक्य आहे.